गावाचा हक्क आणि घराचा हक्क: वाळीत टाकण्याच्या ठरावाविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातील आपल्या गावी ग्रामदेवतेच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावकीने, म्हणजे गावातल्या घरांच्या पारंपरिक संघटनेने, घरटी वर्गणी ठरवली. एका कुटुंबाने ती देण्यास नकार दिला आणि देवळालगतच्या जागेच्या फेरफार नोंदीवर (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या महसुली नोंदीवर) हरकतही घेतली. त्यानंतर गावबैठक झाली. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे पदाधिकारी या नात्याने आपणही तिला हजर होता. त्या घराशी कोणी संबंध ठेवू नये आणि जो ठेवील त्याने गावकीकडे दंड भरावा, असे त्या बैठकीत ठरले. आता त्या कुटुंबाने पोलिसांत तक्रार दिली असून आपल्याला चौकशीसाठी बोलावणे आले आहे. आपण विचारता की, राज्यघटनेने सगळे हक्क व्यक्तीलाच दिले आहेत काय, गावाला आणि समाजाला काहीच हक्क नाहीत काय, आणि एका घराच्या हट्टापुढे साऱ्या गावाने गप्प बसायचे काय.

कोकणातील तालुका न्यायालयांत वकिली करताना अशी प्रकरणे मी दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठीही आणि गावकीच्या पंचांसाठीही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, ‘एक घर विरुद्ध सारा गाव’ ही आपल्या प्रश्नातली मांडणीच तपासून पाहायला हवी. वाळीत टाकण्याच्या ठरावाने एका घराचा हक्क जातो हे तर खरेच, पण त्याच ठरावाने गावातल्या उरलेल्या प्रत्येक घराचाही हक्क जातो, आणि ही गोष्ट बैठकीत बसलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

एका प्रकरणात गावकीची वहीच न्यायालयात दाखल झाली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार वापरतात तशी ती वही होती. एका पानावर शिमग्याच्या खर्चाचा हिशेब होता: नारळ, गुलाल, ढोलाची दुरुस्ती, पालखी नाचवणाऱ्यांचा चहा. त्याच पानाच्या तळाशी, त्याच हस्ताक्षरात, अमुक घराशी कोणी बोलू नये, त्यांचे दळण घेऊ नये, त्यांच्या लावणीला जाऊ नये, मयतालाही जाऊ नये आणि जाईल त्यास दंड होईल, असा ठराव लिहिलेला होता. पुढची पाने उलटली तेव्हा दंड वसूल झाल्याच्या नोंदी सापडल्या. त्यांतली एकही नोंद वाळीत टाकलेल्या माणसाच्या नावावर नव्हती. एकाने त्या घरातल्या आजारी म्हातारीला आपल्या रिक्षातून दवाखान्यात नेले म्हणून दंड भरला होता. एका बाईने विहिरीवर आपल्या चुलतजावेशी दोन शब्द बोलल्याबद्दल भरला होता. गिरणीवाल्याने एक पायली तांदूळ दळून दिल्याबद्दल भरला होता. ती वही वाचल्यावर बहिष्काराचे यंत्र कसे चालते याविषयी मला शंका उरली नाही. त्याचा धाक ज्याला वाळीत टाकले त्याला असतोच, पण तो चालतो बाकीच्यांच्या भीतीवर. जे गाव स्वखुशीने एखाद्याशी बोलत नाही, त्या गावाला दंड ठेवण्याची गरज पडत नाही.

म्हणून आपल्या ठरावातले ‘संबंध ठेवू नये’ हे पहिले वाक्य आणि ‘जो ठेवील त्याने दंड भरावा’ हे दुसरे वाक्य वेगवेगळे वाचावे. कोणाशी बोलावे, कोणाच्या घरी जेवायला जावे, कोणाकडे जाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. वर्गणी न देणाऱ्या शेजाऱ्यावर आपण रागावलात आणि त्याच्याशी बोलणे टाकलेत, तर कायदा आपल्याला बोलायला लावणार नाही. परंतु माझ्या रागासाठी गिरणीवाल्याने दळण नाकारावे आणि न नाकारल्यास पैसे भरावेत, असे ठरवण्याचा अधिकार मला नाही, मला आणि आणखी शंभर जणांना मिळूनही नाही. असा अधिकार सरकारलासुद्धा कायद्याशिवाय मिळत नाही.

गावाला हक्क नाहीत असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. कोकणातल्या डोंगरउतारांवरच्या कितीतरी वाड्यांच्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा), ओढ्यांवरचे साकव (छोटे पूल), विहिरींचा उपसलेला गाळ आणि शाळांची शाकारलेली कौले ही गावकीच्या श्रमदानाची कमाई आहे. नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांनी तिथल्या खोल्यांत महिन्याकाठी जमवलेल्या पैशांतून गावात सभामंडप उभे राहिले आहेत. रात्री-अपरात्री मयत झाले की निरोप पोचवण्यापासून सरणाची लाकडे फोडण्यापर्यंतची कामे कोणी न सांगता होतात, तीही गावकीमुळेच. हे सारे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना समाजाचा हक्क ही पोकळ कल्पना वाटत नाही, आणि आपल्या पत्रातला राग मला त्यामुळेच समजतो.

कायदाही समूहाचे हक्क मानतो. अनुच्छेद १९ मध्ये एकत्र येऊन संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य आहे, अनुच्छेद २६ मध्ये धार्मिक संप्रदायांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क आहे, अनुच्छेद २९ मध्ये आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळवला आणि पुढे बांबू विकण्याचा अधिकारही झगडून प्रत्यक्षात आणला. ठेकेदारापुढे आणि वनखात्यापुढे एकेकटा गावकरी उभा राहिला असता तर त्याला काहीच हाती लागले नसते, तेथे गाव म्हणून उभे राहिल्यामुळेच ते साधले. हे गाव निर्णय सर्वसहमतीने घेते, आणि २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. समूहाच्या हक्काचे याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल.

मात्र त्या उदाहरणातली एक गोष्ट नजरेआड करू नये. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. ज्याच्या विरोधात निर्णय जाण्याची शक्यता आहे, तोही त्या सभेचा सदस्य असतो. आपल्या बैठकीत किती महिला होत्या? ज्या घराविषयी ठराव झाला त्या घराला बैठकीची सूचना दिली होती काय, आणि त्यांचे म्हणणे ऐकले होते काय? मी पाहिलेल्या बहुतेक गावकीच्या बैठकांत घरटी एक पुरुष बसतो, मानकरी आधी बोलतात, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो दाराबाहेर असतो किंवा गैरहजर असतो. अशा बैठकीला ‘सारा गाव’ म्हणताना निम्मे गाव आधीच वगळलेले असते.

आता कायद्याच्या इतिहासाकडे येतो, कारण हा वाद महाराष्ट्रात फार जुना आहे आणि ‘हे सगळे नवीन खूळ आहे’ असा गैरसमज गावोगावी ऐकू येतो. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने बहिष्काराचे जे वर्णन केले आहे, ते आजही ओळखीचे वाटते: जमीन कसायला देणे बंद, मजुरी बंद, वाट बंद, दुकानदाराने जिन्नस देणे बंद. चांगले कपडे घातले, जमीन विकत घेतली, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली, एवढीही कारणे त्याला पुरत असत, अशीही नोंद तेथे आहे. गोरगरिबाला आपला हक्क बजावण्यापासून रोखायला मारहाणीची गरज पडत नाही, गावाने हात आखडता घेतला की पुरते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

१९४७ मध्ये घटना समितीपुढे ठेवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी जे निवेदन तयार केले, त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी तपशीलवार तरतूद होती, आणि ती त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, या मसुद्याने गावाला एकक न मानता व्यक्तीला एकक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असे ते म्हणाले. ग्रामराज्याचा पुरस्कार करणाऱ्या अनेक सदस्यांना ते रुचले नाही. पण चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ मध्ये ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नेत्याने गावाकडे पाहताना पाखाडीबरोबर पाणवठाही पाहिला होता. समूहाच्या चांगुलपणाचा लाभ ज्याला मिळतो आणि समूहाचा बहिष्कार ज्याच्या वाट्याला येतो, ते दोघे एकाच गावाचे दोन वेगळे अनुभव सांगतात. घटनेने दुसऱ्याचा अनुभव प्रमाण मानला, आणि माझ्या मते ते योग्यच केले, कारण पहिल्याला संरक्षणाची गरज नसते.

दुसरीकडे, समूहाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातच झालेला आहे आणि तो मान्यही झालेला आहे, हे आपल्याला सांगितलेच पाहिजे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्मश्रद्धेच्या कारणावरून एखाद्याला पंथाबाहेर काढणे हा त्या संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, आणि सरसकट सर्वच बहिष्कार अवैध ठरवणारा कायदा अनुच्छेद २६ चा भंग करतो, असे बहुमताचे म्हणणे होते. एकटे सरन्यायाधीश सिन्हा त्याच्याशी सहमत झाले नाहीत. पंथाबाहेर काढलेल्या माणसाचे जिणे अस्पृश्यासारखे होते, त्याची मानवी प्रतिष्ठा हिरावली जाते, आणि ते थांबवण्यासाठी केलेला कायदा हा समाजसुधारणेचा कायदा आहे, असा त्यांच्या भिन्नमताचा गाभा होता. या निर्णयाचा फेरविचार व्हावा यासाठी १९८६ मध्ये याचिका दाखल झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवला.

मला स्वतःला सिन्हा यांचे मत अधिक पटते. बहुमताने धार्मिक शिस्तीचा हक्क नीट ओळखला, पण बहिष्कृताची स्मशानभूमी, त्याचे लग्नसंबंध आणि त्याचा धंदा हेही त्या शिस्तीबरोबर जातात याला त्याने पुरेसे वजन दिले नाही. तरीही, उद्या नऊ न्यायमूर्तींनी बहुमताचा निर्णय कायम ठेवला असे गृहीत धरले, तरी आपल्या गावकीला त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. तो निर्णय धर्मतत्त्वावरून पंथाने घातलेल्या शिस्तीविषयी आहे. वर्गणी आणि फेरफार यांच्याशी कोणत्याही धर्मतत्त्वाचा संबंध नाही, आणि गावकी म्हणजे अनुच्छेद २६ मधला संप्रदाय असे न्यायालयात सिद्ध करणे फार कठीण आहे.

आपल्या प्रकरणाला लागू होतो तो महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा कायदा. जातपंचायतींच्या जाचाच्या आणि रायगडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या गावकीच्या तक्रारींवरून हा प्रश्न २०१३ पासून पुन्हा ऐरणीवर आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी जातपंचायत मूठमाती अभियान चालवले. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो अमलात आला, आणि १९४९ चा जुना कायदा त्यानेच रद्द केला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. त्यापूर्वी अशा तक्रारी खंडणी, धमकी, कट अशा कलमांत कशाबशा बसवाव्या लागत. माझ्या पक्षकारांना पोलीस ठाण्यात ‘तुमच्याशी कोणी बोलत नाही, हा काय गुन्हा झाला’ असे उत्तर मिळालेले मी ऐकले आहे.

या कायद्याप्रमाणे बहिष्कार टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बहिष्कार टाकण्यास मदत करणारा आणि चिथावणी देणाराही त्यातून सुटत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावी लागते, जामीनपात्रही आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला पूर्ण व्हावा अशी अपेक्षा कायद्यात आहे. ठराव करणारी संस्था नोंदणीकृत असण्याची अट नाही, त्यामुळे ‘आमची गावकी कागदावर नाहीच’ हा बचाव निरुपयोगी आहे. धार्मिक विधीत किंवा सामाजिक कार्यात सहभागी होण्यास अटकाव करणे, लग्न वा अंत्यविधी होऊ न देणे, देऊळ, शाळा, दवाखाना, सभागृह, स्मशान किंवा सार्वजनिक वापराची जागा नाकारणे, इतरांना संबंध तोडण्यास चिथावणे, मुलांनी एकमेकांत खेळू नये असे पाहणे, हे सारे प्रकार त्यात स्पष्टपणे येतात. आणि बहिष्कृत कुटुंब अनुसूचित जाती किंवा जमातीचे असेल आणि ठराव करणारे तसे नसतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि ते प्रकरण याहून पुष्कळ कडक असते.

शिमग्याच्या पालखीविषयी आपण वेगळे विचारले आहे. पालखी कोणी उचलावी, सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर) आधी मान कोणाचा, हे वाद दिवाणी न्यायालय सहसा हाताळत नाही, कारण केवळ मानपानाचा दावा हा दिवाणी हक्काचा दावा मानला जात नाही. त्या बाबतीत गावाला आपली वहिवाट पाळण्याची मोकळीक आहे. परंतु पालखी पूर्वापार प्रत्येक घरी जात असेल आणि यंदा ठरावामुळे एकच दार वगळले, तर तो मानपानाचा प्रश्न राहत नाही. माझ्या मते तो या कायद्याखाली येतो. कोकणी माणसाला वर्षभराच्या अबोल्याहून त्या एका सकाळी पालखी दारावरून पुढे जाणे अधिक लागते, हे आपल्याला मी सांगायला नको.

मग वर्गणी न देणाऱ्यापुढे गावाने काय करावे? वर्गणी ही ऐच्छिक आहे, तिची सक्ती करता येत नाही, आणि हे गावकीला कितीही खटकले तरी त्यात बदल होणार नाही. मात्र मंडळाने स्वतःच्या पैशांनी घेतलेली भांडी, खुर्च्या आणि मांडवाचे सामान कोणत्या नियमाने द्यायचे, हे मंडळ ठरवू शकते, मग तो नियम सर्वांना सारखा असावा आणि आधीपासून लिहिलेला असावा. देणगीदारांच्या फलकावर कोणाचे नाव घालायचे, हेही मंडळाच्या हातात आहे. मंडळ नोंदणीकृत असेल तर सभासदत्वाच्या अटी मंडळाच्या घटनेत घालता येतात आणि थकबाकीदाराचे सभासदत्व रीतसर नोटीस देऊन संपवता येते. पण ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी, सरकारी पैशांतून झालेला रस्ता, स्मशानशेड आणि गावच्या देवळातले दर्शन यांचा वर्गणीशी काडीचाही संबंध जोडता येत नाही.

फेरफारावरची हरकत हा त्या कुटुंबाचा कायदेशीर अधिकार आहे. ती चूक असेल तर तिचे उत्तर मंडल अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीत द्यायचे असते आणि तेथे समाधान झाले नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. त्यांनी खरोखर वहिवाटीची वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल, तर ते आधी धर्मादाय कार्यालयात नोंदवून घ्या. मी पाहिलेल्या अनेक भांडणांच्या मुळाशी जीर्णोद्धाराचा न दाखवलेला हिशेब होता. एखादा माणूस वर्गणी नाकारतो तेव्हा तो नेहमी कंजूष किंवा आडमुठा असतोच असे नाही, अनेकदा त्याला मागच्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब हवा असतो आणि तो मागितल्याबद्दलच त्याला गावद्रोही ठरवले जाते. आपल्या प्रकरणात तसे आहे की नाही हे मला पत्रावरून कळत नाही, पण आपण स्वतः ते एकदा तपासून पाहावे.

कायद्याच्या मर्यादाही सांगतो. भावकीतल्या जमिनीच्या भांडणाला बहिष्काराचा रंग देऊन केलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत निरपराध माणसांना पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागल्या आहेत. खरी तक्रार आणि रंगवलेली तक्रार यांत फरक करण्याची कसोटी माझ्या मते एकच आहे: सामूहिक निर्णय झाला होता काय आणि तो मोडणाऱ्याला काही शिक्षा होती काय. दोन घरांचा अबोला कितीही वर्षांचा असला तरी तो गुन्हा होत नाही. उलट खऱ्या तक्रारीत पुरावा गोळा करणे फार कठीण जाते, कारण ज्यांनी दंड भरला तेच महत्त्वाचे साक्षीदार असतात आणि त्यांना निकालानंतरही त्याच गावात राहायचे असते. वर सांगितलेल्या प्रकरणातला रिक्षावाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याने आधी गावकीच्या बाकाकडे पाहिले आणि मग, दंड भरला का, या प्रश्नाला ‘वर्गणी भरली’ असे उत्तर दिले. वहीतली नोंद नसती तर ते प्रकरण तेथेच संपले असते. अलीकडे वहीची जागा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटाने घेतली आहे आणि तेथले संदेश न्यायालयात पुरावा म्हणून येऊ लागले आहेत.

यावरून आपल्याला पहिला सल्ला असा की, त्या बैठकीविषयीचा एकही संदेश पुसू नका आणि वहीचे पान फाडू देऊ नका, कारण पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो सिद्ध करणे सोपे असते. चौकशीला जाण्यापूर्वी आपला वकील नेमा आणि जबाबात खरे तेच सांगा. ठराव मागे घेतल्याने झालेला गुन्हा आपोआप मिटत नाही, तरीही ठराव ताबडतोब मागे घ्या, कारण तो लागू असलेला प्रत्येक दिवस त्या घराला भोगावा लागतो. मागे घेतल्याचा ठराव स्पष्ट शब्दांत लिहा, ‘गैरसमजातून’ वगैरे पळवाटा त्यात ठेवू नका, आणि त्याची प्रत त्या कुटुंबाला नोंदणीकृत टपालाने पाठवा. शब्दांची निवड वकिलाला दाखवून करा. ज्या ज्या ग्रामस्थाकडून संबंध ठेवल्याबद्दल दंड घेतला असेल, त्याला तो परत द्या आणि परत दिल्याची पावती घ्या.

त्या कुटुंबाने आधी तक्रार मागे घ्यावी किंवा देवळात नारळ ठेवून गावाची माफी मागावी, अशी अट कृपा करून घालू नका. गावकीतले ज्येष्ठ हमखास ती सुचवतील आणि त्यांचा हेतू समेटाचाच असेल, परंतु ती अट म्हणजे त्याच दंडाचे दुसरे रूप आहे आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप तिच्यातून उभा राहू शकतो. या कायद्याखालचा गुन्हा पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटवता येतो. पण ती संमती मोकळ्या मनाने दिलेली आहे याची न्यायाधीश स्वतः खात्री करून घेतात, आणि बहिष्कार प्रत्यक्षात उठला आहे, दळण मिळते आहे, मुले एकत्र खेळत आहेत, हे दिसल्याशिवाय मी तरी माझ्या कोणत्याही पक्षकाराला संमती देण्याचा सल्ला देत नाही.

वर्गणीचा विषय ठराव मागे घेण्याच्या बैठकीत काढू नका. त्यासाठी पुढे वेगळी बैठक घ्या, तिची लेखी सूचना त्या घरासह प्रत्येक घराला द्या, चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला गावी असतील तेव्हाच ती ठेवा म्हणजे बायकामाणसेही येतील, आणि जीर्णोद्धाराचा आजवरचा जमाखर्च पावत्यांसकट आधी सर्वांसमोर वाचून दाखवा.